सोडून दिलेली पदं

सर गेले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य उठले आणि म्हणाले, "ते खगोलशास्त्राचे गाढे अभ्यासक होते." मागे बसलेले ऑफिसातले दोन क्लार्क एकमेकांकडे बघून हसले. त्या दोघांनी कधीकाळी आपापल्या मुलींच्या पत्रिका सरांना दाखवल्या होत्या. सरांनी त्या अर्धा तास उलटसुलट करून बघितल्या आणि परत दिल्या. "ह्यात नऊ ग्रह हाईत वो. नऊ जणांचं मला कसं यील? मला अजून तिघांचंच येत न्हाय." प्राचार्यांनी पुढे सर विद्यार्थिप्रिय होते असंही सांगून टाकलं. ते तर साफ खोटं. पोरं त्यांच्या तासाला मागच्या दारानं पळायची, आणि सर उरलेल्या चौघांना तितक्याच मोठ्या आवाजात शिकवायचे.

मला बोलायचा आग्रह झाला. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता, पण मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे सांगते.

मी बेळगावच्या त्याच कॉलेजात गणित शिकवते. माझं गाव सांबऱ्याच्या पलीकडे. घरी भाताची आणि भाजीपाल्याची शेती, भाऊ ती सांभाळून कारखान्यात जातो, आणि मी स्कूटीवरून कॉलेजला. रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती, फिजिक्सच्या सरांच्या समोरची. ती रिकामी का होती ते दहा मिनिटांत कळलं. सरांनी मान वर न करताच विचारलं, "मॅडम, तुमी आत आलासा तवा दारात शिपाई आडवा आला. त्यो उजवीकडं झाला, तुमी डावीकडं. पर तुमी पायजे त्यापेक्षा जास्त वळलासा. तिसरं कोण व्हतं?"

मी आठवून बघितलं. खरंच, दाराशी वाकून कुणीतरी बुटाची नाडी बांधत होतं आणि त्याला चुकवून मी आत आले होते. तसं सांगितल्यावर सर खूश झाले. त्यांनी डब्यातला चिवडा माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

"तिसरं कोण?" हे त्यांचं पालुपद होतं. कुणाचं भांडण झालं, कुणाचं लग्न मोडलं, बस उशिरा आली, काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न तोच. स्टाफरूममध्ये त्यांना पाठीमागे "तिसरे" म्हणत. "तिसरे आले का रे?" असं विचारायचे आणि खोखो हसायचे. मीही हसले आहे, लपवत नाही.

त्यांचं काम काय होतं ते समजायला मला दोन वर्षं लागली. एरवी ते कुणाला सांगायचे नाहीत, पण मी गणितवाली म्हणून माझ्याजवळ त्यांनी हळूहळू तोंड उघडलं. दोन ताऱ्यांमधली ओढ कशी असते हे साधारण माहीत आहे. तिसरा तारा आला की आपण म्हणतो, तीन जोड्या झाल्या, तिन्हींची ओढ काढा आणि बेरीज करा. शाळेतल्या गणितात तेवढं पुरतं, पण बारकाईनं बघितलं तर तसं होत नाही. तिसरा आला की पहिल्या दोघांचं आपसातलंही बदलतं. तीन जोड्यांची बेरीज करून वर काहीतरी उरतं, जे कुठल्याच एका जोडीचं नसतं. ते उरलेलं सरांना शोधायचं होतं. त्याचा पहिला, ढोबळ भाग पुस्तकांतून मिळतो. सरांना त्याच्या पुढचा भाग हवा होता, आणि तो हातानं.

त्यांची रीतही सरळ नव्हती. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचं गणित करायचं, तर ते म्हणायचे, त्यांना फिरवूच नका. ते लई लांबनं आले, एकमेकांच्या जवळनं गेले, जरा वाकडे झाले आणि निघून गेले असं धरा. ह्याला ते स्कॅटरिंग म्हणायचे. "घरात ऱ्हाणाऱ्या माणसांचं काय खरं कळतंय, मॅडम? ती रोज भांडत्यात, रोज जेवत्यात. वाटेत गाठ पडली की किती वाकडं होऊन गेली तेवढं मोजा, सगळं कळतंय."

आणि ते खरोखर मोजायचे. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात सर जेवणाच्या पंगतीकडे पाठ करून, भिंतीला टेकून दोन जावांकडे बघत उभे होते. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या हे साऱ्या हॉलला माहीत होतं. वाढताना त्या चार वेळा समोरासमोर आल्या. तीन वेळा हातभर अंतर ठेवून गेल्या, चौथ्या वेळी एकमेकींना जवळजवळ घासून. सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सासू आत गेली बघा." सासू खरंच आत गेली होती. मग ते जेवायचं विसरून घरी गेले, कारण त्यांना काहीतरी सुचलं होतं.

एकदा तर त्यांनी बीएस्सीच्या पोरांना वरांड्याच्या दोन्ही टोकांना उभं केलं आणि एकमेकांकडे न बघता चालत यायला सांगितलं. फरशीवर खडूनं रेघा मारलेल्या होत्या. पोरं यायची, वळायची, जायची, आणि सर गुडघ्यावर बसून खुणा करायचे. आकडे मात्र कानडीत मोजायचे, कारण पहिली-दुसरीला ते कानडी शाळेत होते आणि मोजण्यापुरती ती भाषा त्यांच्या तोंडात राहिली होती. "ओंदु, एरडु..." तेवढ्यात प्राचार्य मधल्या जिन्यानं वर आले आणि थेट पोरांच्या मधे सापडले. सर ओरडले, "थांबा सर! आता तिघं झाली, आता अवघड झालं!" त्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. मेमोच्या पाठीमागे त्यांनी प्राचार्यांच्या वळणाचा कोन लिहून ठेवला होता.

एकदा सीमाप्रश्नावरून बंद होता, एस. टी. येत नव्हत्या, दुकानं बंद, पाट्यांना काळं फासलेलं. आम्ही पाच-सहा जण स्टाफरूममध्ये अडकलो होतो आणि कोणतं राज्य बरोबर यावर आवाज चढत होते. सरांना कुणीतरी मुद्दाम छेडलं, "बोला, इथं तिसरं कोण?" सर म्हणाले, "आमी की. दोन राज्यांचं भांडण म्हणून कोर्टात लिवत्यात. मदला माणूस कुटल्या ओळीत हाय?" कुणी हसलं नाही. सर पुन्हा कागदाकडे वळले आणि आम्ही चहा मागवला.

त्यांचं घर वडगावला. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यात हे आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. बहिणीला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही. वडील साडीच्या काठाची डिझाइनं काढायचे. त्या कामाला बारीक चौकटींचा जाड कागद लागतो. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा, कुठला वर आणि कुठला खाली ते त्यात भरायचं. सरांनी तोच कागद उचलला. एका ओळीत समीकरणाचं एक पद, एका चौकटीत एक खूण, निळ्या-हिरव्या पेन्सिलींनी भरलेली. लांबून बघितलं तर साडीचाच काठ वाटायचा. आक्का म्हणायची, "आमच्या मास्तरनं येक साडी तेरा वर्सं विणाय घेतलीया. नेसणार कोण, देवाला ठावं."

तेरा वर्षं हे तिनं नेमकं सांगितलं होतं. सरांनी लग्न केलं नाही, पीएचडी केली नाही, बढती मागितली नाही. कुठे पेपर पाठवला नाही. "आदी बरोबर तर येऊ दे," म्हणायचे. परदेशात मोठमोठ्या संगणकांवर लोक हेच करतात हे त्यांना माहीत होतं. ते पेपर मोबाइलवर उतरवून घ्यायचे आणि वाचायचे. त्यांना पहिलं यायचं नव्हतं. एकदाच म्हणाले, "त्यांचं त्यास्नी यील. माझं मला बरोबर आलं पायजे." बरोबर आलं की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे एक चाचणी होती. शेवटचं उत्तर घ्यायचं आणि तिघांतल्या दोघांना जवळ जवळ आणत न्यायचं. लांबच्या तिसऱ्याला ते दोघे मिळून एकच वस्तू वाटले, तर गणित बरोबर. तेरा वर्षांच्या कामाला त्यांनी ही एवढी एकच परीक्षा ठेवली होती.

ते रिटायर झाले त्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. बारीक चौकटीतल्या पेन्सिलीच्या खुणा त्यांना दिसेनाशा झाल्या. लॅपटॉपवर अक्षर मोठं केलं तर दिसायचं. मग ठरलं की मी दर रविवारी वडगावला जायचं आणि त्यांचे कागद टाइप करायचे. हे मीच सुचवलं. मला त्याचा अभिमान होता. सरांचं गणित वाचता येणारी बेळगावात मी एकटी, असं मी भावाला सांगितलंही होतं.

पहिले काही महिने दोन वस्तूंचा भाग चालला होता. तो सोपा. त्यात एक नियम सरांनी मला शिकवला. पदाच्या खाली, छेदात, दोन वस्तूंमधल्या अंतराचा भाग असतो. कधी कधी तोच भाग वरही येतो आणि दोन्ही कटतात. अंतर कटलं की त्या पदाला लांबून काही कळत नाही, ते फक्त दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या तरच जागं होतं. आपल्या वस्तू लांब लांब असतात, म्हणून ते पद सोडून द्यायचं. "कटलं की सोडा, मॅडम. बघूबी नका." अशी पदं शेकड्यानं यायची आणि मी शेकड्यानं सोडायची.

तिघांचा भाग सुरू झाला तेव्हा सर दवाखान्यात होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आक्कानं कागदांचा गठ्ठा माझ्या हवाली केला. मी सुट्टी टाकून आठवडाभर बसले. मला वाटलं, सर परत येतील तेव्हा सगळं स्वच्छ, मोठ्या अक्षरात तयार ठेवू. त्यांच्या कागदावर प्रत्येक पद होतं, कटलेली सुद्धा. मी त्यांचा नियम लावला. वर आणि खाली तेच दिसलं की सोडलं, पुढे गेले. दीडशे कागदांची साठ पानं झाली. सर घरी आले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी साठ पानं झाली म्हटल्यावर ते म्हणाले, "बरीच आटली की." मी म्हटलं, "कटलेली काढून टाकली, सर." त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असणार की दोघांच्या भागातली. मी पुढे काही बोलले नाही, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्यानंतर सरांनी त्या साठ पानांवरून काम केलं. आपला कागद त्यांना दिसत नव्हता, माझं टायपिंग दिसत होतं. तीन-चार महिन्यांत शेवटचं उत्तर हाती आलं आणि त्यांनी त्याची परीक्षा घेतली. दोघांना जवळ आणलं. तिसऱ्याला ते एक वाटले नाहीत.

पहिल्यांदा ते हसले. "कुटंतरी चिन्ह चुकलंय." मग शोध सुरू झाला. दीड वर्ष. मी रविवारी जायची तेव्हा ते लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून एकेक ओळ तपासत असायचे. प्रत्येक ओळ बरोबर होती. जे पानावर होतं ते सगळं बरोबर होतं, आणि चूक त्या पानांवर नव्हतीच. मीही तपासलं, दोन वेळा. मलाही सापडली नाही. सरांचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. "तिसरं कोण?" विचारणं तर पार बंद झालं. एका रविवारी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि शांतपणे सांगितलं, "पायाच चुकलाय, मॅडम. फिरणाऱ्याचं गणित निघून जाणाऱ्यावरनं करता येत न्हाय तिघांत. तेरा वर्सं कागद भरलो ते चुकीच्या गावच्या वाटंवर."

मी समजूत घातली. काय बोलले ते आठवत नाही, पोकळच असणार.

पुढच्या वेळी गेले तर आक्का बाहेरच्या सोप्यात साड्यांच्या घड्या घालत बसलेली. शेजारच्या मागवाल्याच्या साड्या ती घडी घालून द्यायची. घडी मोडू नये म्हणून आत कागद घालतात. त्या दिवशी ती आत घालत होती तो कागद चौकटींचा होता, निळ्या-हिरव्या खुणांनी भरलेला. मी दारातच थांबले. आतून सर म्हणाले, "मीच दिलो. गणित चुकलंय, कागद चांगला हाय." आक्का माझ्याकडे बघेना. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी तिच्या शेजारी बसले आणि घड्या घालायला लागले. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून गठ्ठा संपवला. निम्मे कागद तरी माझ्या हातानं गेले.

नंतरची दोन वर्षं सर बरे होते, हे सांगायला हवं. डोळे आणखी गेले, पण माणूस सैल झाला. सकाळी गल्लीच्या तोंडाशी बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे. आक्काला भाजी निवडू लागायचे. मी गेले की गावाकडची चौकशी करायचे, भाताला पाणी पुरलं का विचारायचे. हरलेला माणूस असा शांत असतो हे मला तेव्हा कळलं आणि मला त्याचं बरंही वाटलं होतं.

मग एकदा कॉलेजात परीक्षेचे दिवस होते. मी सुपरव्हिजनला होते, तीन तास नुसतं फिरायचं. वेळ जाईना म्हणून उरलेल्या पुरवणीच्या मागच्या बाजूला मी तिघांच्या ओढीचा तो पहिला, ढोबळ भाग काढायला घेतला, जो पुस्तकात मिळतो. सरांच्याच रीतीनं, सवय म्हणून. वर आणि खाली कटलं, मी ते पद सोडलं. आणि उत्तर शून्य आलं. पुस्तकात शून्य नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा शून्य. मग मी सोडलेल्या पदाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दोघांत एक अंतर कटलं की खाली काहीच उरत नाही. तिघांत एक कटलं तरी दुसरी अंतरं खाली उरतात. ते पद मेलेलं नसतं, ते लांबूनही जाणवतं. पुस्तकातलं अख्खं उत्तर त्या एका पदात होतं.

एक मुलगी पुरवणी मागत होती, तिनं तीनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आलं नाही. सरांचं गणित बरोबर होतं. त्यांनी प्रत्येक पद जपून लिहिलं होतं, कुठलं जिवंत आणि कुठलं मेलेलं हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी सरसकट सगळी मारून टाकली होती.

आधी मी कागद शोधले. मागवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, त्या साड्या कवाच गेल्या. सोलापूर, हुबळी, कुटं कुटं. आता कुनाच्या कपाटात असतील." खडेबाजारातल्या दोन दुकानांत मी गिऱ्हाईक म्हणून बसून घड्या उलगडायला लावल्या. आतून कोरा कागद निघाला. आक्कानं पिठाच्या डब्याखाली घातलेला एक कागद काढून दिला, तो दोघांच्या भागातला निघाला. पुन्हा सगळं करायचं तर ते मला येत नाही. मी तपासणारी बाई आहे. ते डोकं आणि ती तेरा वर्षं माझ्याकडे नाहीत.

मग सांगावं की नाही? महिनाभर मी घोळत राहिले. न सांगणं म्हणजे त्यांच्याच घरात बसून चोरी लपवणं, असं वाटायचं. शेवटी एका रविवारी सांगून टाकलं. ते पद तोंडानं म्हणून दाखवलं. सरांनी डोळे मिटले, बोटं मांडीवर हलत होती.

"व्हय," ते म्हणाले. "ते ऱ्हातंय."

मी म्हटलं, "मी सगळी काढली, सर. सवयीनं काढली. चूक माझी आहे, तुमचा पाया बरोबर होता."

त्यांची बोटं थांबली. रागावले असते तर मला सोसलं असतं. "शिकवलं मीच की तुमास्नी," ते म्हणाले. "कटलं की बघूबी नका, असं." मग चेहरा एकदम बदलला. हात पुढे करून त्यांनी माझं मनगट धरलं. "मंजे बरोबर यील ते? परीक्षा पास हुईल?"

"होईल, सर. पण कागद नाहीत."

"मला येतंय," ते म्हणाले. "माझंच हाय की. लिवून घ्या."

निघताना आक्का दारापर्यंत आली. तिला काय झालं ते कळलं होतं, गणित सोडून बाकी सगळं. ती म्हणाली, "दोन वर्सं निवांत झोपत हुता गं त्यो. सांगायलाच पायजे हुतं व्हय?" मी चपला घातल्या. त्या दिवसापासून रात्रीचं झोपणंच बंद झालं त्यांचं, ते तिनंच नंतर सांगितलं.

त्या दिवशी मी निघायच्या आधी त्यांनी सात पदं सांगितली. अडखळत, पण अचूक. खुणा, चिन्हं, कुठलं अंतर कटतं आणि कुठली उरतात, सगळं. मी लिहून घेतली. आठवं येईना. "पुढल्या रविवारी," ते म्हणाले. पुढल्या रविवारी त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मधूनच सुरू केलं तर धागा लागत नाही म्हणाले. पुन्हा तीच सात. आठव्याशी थांबले. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. साधारण तीनशे पदं असतील मी टाकलेली. सात माझ्या वहीत होती, आणि ती मी प्रत्येक वेळी नव्यानं लिहायची, कारण पेन चालल्याचा आवाज थांबला की ते विचारायचे, "लिवताय न्हवं?" आता त्यांना पडदाही दिसत नव्हता. असं वर्षभर चाललं. माझी अख्खी वही त्याच सात पदांनी भरली. मी कधी त्यांना सांगितलं नाही की हे झालंय, सर. एकदा सगळं खरं सांगून बघितलं होतं, पुन्हा माझी हिंमत झाली नाही.

शेवटच्या रविवारी ते अंथरुणावरच होते. छातीत कफ होता, आवाज खोल गेलेला. आक्कानं पाठीला उशी दिली. त्यांनी पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं. पाचव्यानंतर थांबले. बोटं चादरीवर हलत राहिली. मी वाट बघितली. "म्होरं?" त्यांनी मलाच विचारलं.

सहावं माझ्या वहीत पन्नास वेळा होतं. मी ते म्हणून दाखवलं.

"बरोबर," ते म्हणाले. चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या कधी बघितला नव्हता. "म्होरं?"

मी सातवं म्हटलं.

"बरोबर. म्होरं?"

पुढचं माझ्याकडे नव्हतं. ते मीच काढून टाकलं होतं. सर मान माझ्याकडे वळवून, न दिसणारे डोळे उघडे ठेवून वाट बघत होते. मी कोऱ्या कागदावर पेन चालवत राहिले.